मीटरवर तास कमी, म्हणजे ट्रॅक्टर कमी चाललेला?

तासगाव-मिरज भागात द्राक्षाच्या ओळींमधलं गवत कापायला जुना मिनी ट्रॅक्टर घेताना हमखास ऐकू येतं: "मीटर बघा, तास कमी म्हणजे इंजिन ताजं."

हे पटण्यासारखं वाटतं, पण जुन्या मॉडेलांचा केबलवरचा मीटर वेळ मोजत नाही, इंजिनच्या फेऱ्या मोजतो. समजा तो १५०० आरपीएमला (मिनिटाला १५०० फेऱ्यांना) जुळवलाय, तर ७५० वर दोन तास चालूनही मीटर एकच तास दाखवतो. शिवाय केबल तुटली की आकडा तिथंच थांबतो. मीटर बदलला की पुन्हा शून्यापासून सुरू.

त्यामुळे झीज बघा. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का? पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, किंगपिनचा (चाक ज्यावर वळतं त्या खिळीचा) खेळ हाताला कळतो. गवत कापायचं असेल तर पीटीओच्या (मागचं अवजार फिरवणाऱ्या) दांड्याचे दाते नक्की तपासा. ते टोकदार झाले असतील, तर त्यावर भरपूर काम झालंय.

इंजिन गार असतानाच स्टार्ट करायला सांगा, आधीच गरम करून ठेवलेलं नको. गरम झाल्यावर इंजिन चालू ठेवूनच ऑइलचं झाकण काढा. तिथून धूर जोरात फेकला जात असेल, तर सिलिंडरमधल्या रिंगा-लायनर झिजलेत. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.

शेवटी मागे जोडलेला रोटर (माती भुसभुशीत करायचं अवजार) उचलून इंजिन बंद करा. रोटर भराभर खाली आला, तर हायड्रोलिकचा (अवजार उचलणाऱ्या यंत्रणेचा) खर्च धरूनच भाव करा.