उंच पोरगा कसा जोखायचा: सतनाम सिंग ५२ वा का ठरला

२०१५ च्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या कार्यक्रमात, एकोणीस वर्षांची दोन ताडमाड पोरं होती. एक लाटवियाचा क्रिस्टॅप्स पोरझिंगिस, ७ फूट ३ इंच, नुसता हाडांचा सापळा. दुसरा पंजाबातल्या बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, ७ फूट २ इंच, वजन १३० किलोच्या घरात. पोरझिंगिसला न्यूयॉर्क निक्सने चौथ्या क्रमांकावर घेतलं आणि हॉलमधल्या निक्सच्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. सतनामला डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मलेला खेळाडू ड्राफ्टमध्ये निवडला जाण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे आपल्याकडे कौतुकाला ऊत आला. पण तीस वर्षं आधी बहुतेक संघांनी या दोघांपैकी दणकट सतनामकडेच आधी पाहिलं असतं, असं मला वाटतं. मधल्या काळात पारखण्याची फूटपट्टीच बदलली होती.

गंमत म्हणजे सुरुवातीला उंची हाच दोष मानला जाई. ६ फूट १० इंचांच्या, जाड चष्म्याच्या जॉर्ज मायकनला नोत्र दाम विद्यापीठाने धांदरट म्हणून परत पाठवलं. डीपॉल विद्यापीठाचे प्रशिक्षक रे मायर यांनी त्याला दोरीच्या उड्या, मुष्टियुद्धाचा सराव, चक्क नाचाची शिकवणी लावली. पुढे तो इतका भारी पडू लागला की १९५१ मध्ये एनबीएला बास्केटसमोरची लेन, म्हणजे हल्ला करणाऱ्याला फार वेळ थांबता येत नाही असा पट्टा, ६ फुटांवरून १२ फूट करावी लागली. विल्ट चेंबरलेन या दुसऱ्या महाकाय खेळाडूच्या काळात, १९६४ मध्ये, ती १६ फूट झाली. ल्यू अल्सिंडर, म्हणजे नंतरचा करीम अब्दुल-जब्बार, कॉलेजात असताना १९६७ मध्ये कॉलेज बास्केटबॉलने डंकवरच, म्हणजे चेंडू वरून थेट बास्केटमध्ये कोंबण्यावरच, बंदी घातली. ती तब्बल नऊ वर्षं टिकली. ज्याच्यासाठी नियम बदलावे लागतात असा खेळाडू कोणाला नको असेल? संघ मग असा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा सर्वांत उंच खेळाडू, शोधण्याच्या मागेच लागले.

या हव्यासाचं सर्वांत गाजलेलं उदाहरण १९८४ चं. पोर्टलँडने दुसऱ्या क्रमांकावर ७ फूट १ इंचाचा सॅम बोवी घेतला आणि मायकेल जॉर्डन तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला गेला. पोर्टलँड आंधळं नव्हतं. पायाच्या नडगीच्या हाडाला तडा गेल्यामुळे बोवीचे कॉलेजातले दोन हंगाम बुडाले होते, हे ठाऊक असल्याने त्यांनी कसून तपासणी केली. डॉक्टर डाव्या नडगीवर छोटी हातोडी मारत आणि विचारत. ‘काही होत नाही,’ असं बोवी सांगत राहिला. आतून मात्र कळ येत होती, हे त्याने अनेक वर्षांनी स्वतः कबूल केलं. त्याला फार दोष देववत नाही. तेवीस वर्षांच्या पोराने त्या खोलीत दुसरं काय सांगायचं? पण उंच मुलाच्या मूल्यमापनात पावलं आणि नडग्या पहिल्या पानावर आल्या त्या अशा अनुभवांमुळे. चीनच्या महाकाय याओ मिंगची कारकीर्द डाव्या पावलानेच संपवली.

फूटपट्टी खरी फिरली ती २००१ मध्ये. एनबीएने झोन बचावाला, म्हणजे ठरावीक खेळाडूऐवजी मैदानाचा भाग राखण्याला, परवानगी दिली आणि बास्केटला पाठ लावून चेंडूची वाट पाहणाऱ्या सेंटरभोवती गर्दी होऊ लागली. दुसरीकडे डॅलसचाच ७ फुटी डर्क नोवित्स्की दुरून नेमबाजी करून सामने काढत होता. २०१५ चा ड्राफ्ट व्हायच्या जेमतेम आठवडाभर आधी गोल्डन स्टेट संघाने विजेतेपद पटकावलं, तेही ७ फुटी अँड्र्यू बोगटला बाकावर बसवून आणि ६ फूट ६ इंचाच्या ड्रेमंड ग्रीनला सेंटरला खेळवून.

अशा वेळी सतनाम बाजारात आला. लुधियानाच्या अकादमीत घडलेला, २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत गेलेला. हात मऊ, चेंडू सहसा निसटत नसे. मध्यम अंतरावरची नेमबाजी बरी. आणि त्याने स्क्रीन लावली, म्हणजे साथीदाराला वाट मिळावी म्हणून आडवा उभा राहिला, की समोरचा अडलाच. उणी बाजू एवढीच, की पाय जड. पिक अँड रोलमध्ये, म्हणजे अशाच आडोशाचा फायदा घेऊन केलेल्या हल्ल्यात, चपळ गार्ड (चेंडू खेळवणारा बुटका खेळाडू) समोर आला की तो मागे राही. १९८५ मध्ये हे चाललं असतं; आता प्रतिस्पर्धी प्रत्येक वेळी त्यालाच गाठणार होते. शिवाय तो कॉलेजात किंवा व्यावसायिक क्लबात खेळलेलाच नव्हता, त्यामुळे तोलामोलाच्या खेळाडूंसमोर तो कसा उतरेल हे कोणी पाहिलं नव्हतं. टेक्सास लेजंड्सकडून डी-लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, दोन हंगाम झाले, एनबीएचा सामना काही वाट्याला आला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीत गेला.

पोरझिंगिसच्या खात्यातली उणी बाजू, म्हणजे किरकोळ शरीर, हीही खोटी नव्हती. २०१८ मध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला, दीड वर्षाहून जास्त काळ तो बाहेर होता. तरी २०२४ मध्ये बॉस्टनच्या विजेत्या संघात तो होताच. त्याच्यासारख्याच उंच, सडपातळ व्हिक्टर वेम्बान्यामाबद्दलही २०२३ मध्ये शंका शरीराचीच होती, खेळाची नव्हे.

आपल्याकडे एनबीएने २०१७ मध्ये दिल्लीजवळ अकादमी काढली. तिथून पुढे गेलेला गुरदासपूरचा प्रिन्सपाल सिंग सतनामपेक्षा चार-पाच इंचांनी बुटका, पण हलका आणि पळणारा. २०२१ मध्ये समर लीग, म्हणजे नवोदितांची उन्हाळी स्पर्धा, जिंकणाऱ्या सॅक्रामेंटोच्या संघात तो होता.