वारुळातली कात

पोळ्याच्या आदल्या दिवशी काटोल तालुक्यात मामांच्या गावी गेलो होतो. गोठ्याच्या दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं म्हणून चौकटीला हात टेकवला, तर अंगठा सरळ लाकडात गेला. वरचा ऑइलपेंट शाबूत, आत पोकळ. ओलसर मातीचे पापुद्रे तेवढे होते, आणि उजेड पडताच सैरावैरा पळणाऱ्या पांढुरक्या उधया. पुण्याकडे जिला वाळवी म्हणतात ती आमच्याकडे उधई. मामांचा विश्वासच बसेना. "सागवान हाय बे ते. सागाले कोठं उधई लागते?"

लागते. सागाच्या खोडाचा जो तपकिरी गाभा असतो, त्यात टेक्टोक्विनोनसारखी रसायनं असतात आणि ती उधईला सोसत नाहीत. गाभ्याभोवतीचं फिकट, कच्चं लाकूड मात्र ती सावरीच्या लाकडासारखंच खाते. जुन्या वाड्यांच्या म्याली, म्हणजे छताच्या तुळया, टिकल्या त्या जुन्या झाडांच्या गाभ्यातून काढल्या होत्या म्हणून. कोवळं झाड कापून, कच्च्या लाकडासकट चौकट ठोकून वर रंग फासला, तर त्यात साग फक्त बिलापुरता उरतो.

मग मामांनी खिशातून एक पत्रक काढलं. कुणीतरी नागपूरहून आणून दिलेलं. फवारणी नको, खोदकाम नको, आमिष ठेवा, ९० दिवसांत उधईची वसाहत मुळासकट नष्ट. मामांना ते भलतंच पटलं होतं, कारण मागच्या वर्षीच्या फवारणीने त्यांचे हात पोळले होते. फवारणीवाला आला, भिंतीवर दिसली ती मातीची नळी खरवडली, तीवर उग्र वासाचं औषध मारलं आणि पैसे घेऊन गेला. महिनाभराने उधई कुटाराच्या खोलीतून वर चढली. यात तिची काही हुशारी नाही. भिंतीवरची नळी हा तिचा एक रस्ता. घर जमिनीखाली, तिथून असे अनेक रस्ते निघालेले. रीतसर उपचार करायचा तर जोत्याच्या कडेने फूट-फूटभर अंतरावर भोकं पाडून जमिनीत शेकडो लिटर द्रावण मुरवावं लागतं. भारतीय मानक ६३१३ मध्ये त्याची पद्धत दिलेली आहे. पण मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, गोठ्यापासून दहा पावलांवर विहीर, अशा घरात ते करायला मलाही हात धजावत नाही.

आता पत्रकाकडे येतो. त्यात अर्धं सत्य आहे, पण ते अर्धं सत्य इतकं देखणं आहे की त्यावर जरा रेंगाळणार आहे.

इंग्रजीत उधईला पांढरी मुंगी म्हणायची रीत पडली आणि आपणही तेच धरून बसलो. मुंगी ही गांधीलमाशीची नातलग. उधई ही झुरळाची. जनुकांच्या अभ्यासातून हे इतकं पक्कं झालं की तिचा वेगळा गण मोडून तिला झुरळांच्या गणात टाकलं गेलं. या नात्याने फरक काय पडतो? मुंगीचं पिल्लू अळी असतं, मग कोष, मग एकदा कामकरी मुंगी झाली की ती पुन्हा कात टाकत नाही. झुरळाला अळी नाही, कोष नाही. ते लहानाचं मोठं होतं ते कात टाकत टाकत. उधईचंही तसंच. फ्लोरिडात घरं पोखरणाऱ्या कॉप्टोटर्मिस जातीचा कामकरी तर काम करता करताही दीड-दोन महिन्यांनी कात टाकत राहतो.

कात म्हटलं की आपल्याला नाग आठवतो. सापाची कात पातळ, वरवरची. कीटकाची कात म्हणजे त्याचा अख्खा सांगाडा. तो बाहेरून असतो आणि कायटिन नावाच्या द्रव्याचा असतो. गंमत बघा. लाकडातलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी. कायटिन म्हणजेही तशीच साखळी, फक्त प्रत्येक कडीला नायट्रोजन असलेली एक छोटी शेपटी जोडलेली. त्या कडीचं नाव एन-ॲसिटाइलग्लुकोसामीन. म्हणजे उधई जे खाते आणि जे अंगावर घालते, ती दोन चुलत भावंडं. कात टाकायच्या आधी जुन्या सांगाड्याखाली नवा विणावा लागतो. पेशींच्या पृष्ठभागावर कायटिन सिंथेज नावाचं विकर बसलेलं असतं. ते एकेक कडी जोडत धागा बाहेर सोडतं, धाग्यांच्या जुड्या होतात, जुड्या प्रथिनांत गुंफल्या जातात. मग जुना सांगाडा पाठीवर उलतो आणि कीटक अंग आक्रसत, ताणत त्यातून बाहेर येतो. नवा सांगाडा सुरुवातीला मऊ असतो, पण अंग ओढून काढण्याइतका चिवट असावाच लागतो.

ही विणकाम बंद पाडणारी रसायनं सापडली ती चुकून. १९७० च्या सुमारास नेदरलँड्समधल्या फिलिप्स-ड्युफार कंपनीचे रसायनतज्ज्ञ डायक्लोबेनिल आणि डाययुरॉन या दोन तणनाशकांची सांगड घालून तिसरं, जास्त जहाल तणनाशक करू पाहत होते. तण काही मेलं नाही, पण त्या पदार्थाने माखलेली पानं खाणाऱ्या अळ्या कात टाकताना मरू लागल्या. त्यातून डायफ्लुबेन्झुरॉन निघालं, पुढे त्याच कुळातलं हेक्झाफ्लुम्युरॉन. हे पोटात गेलेल्या उधईला लगेच काहीही होत नाही. ती खाते, चालते, दुसऱ्यांना भरवते. तिची कात टाकायची पाळी आली की जुना सांगाडा उलतो, नवा मात्र पुरता विणलेलाच नसतो. ती अर्धवट अडकते आणि संपते.

फ्लोरिडा विद्यापीठातले नान-याओ सू यांनी हे नेमकं हेरलं. उधईचं घर जमिनीखाली कुठे आहे ते कळत नाही, तेव्हा विष तिच्याच तोंडून घरी पोचलं पाहिजे. त्यासाठी ते सावकाश मारणारं हवं. पण साधं सावकाश मारणारं विषही कमी खाल्लं तर सावकाश, जास्त खाल्लं तर लगेच मारतं. मग अधाशी उधया आमिषापाशीच मरून पडतात, प्रेतांचा खच पडला की बाकीच्या तो रस्ता बुजवून टाकतात आणि वसाहत सुखरूप राहते. कायटिन अडवणाऱ्या रसायनात मात्र मरणाची वेळ किती खाल्लं यावर ठरत नाही, पुढची कात कधी यावर ठरते. पोटभर खाणारी आणि चाखून सोडणारी, दोघी आपापल्या कातीलाच मरणार. प्रत्येकीची तारीख वेगळी. त्यामुळे आज चार, उद्या सहा, असं सगळं पसरून, कुणालाही सुगावा न लागता. शिवाय पुढे त्याच विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की कॉप्टोटर्मिसचे कामकरी कात टाकायला वसाहतीच्या मध्यभागी, घरी परततात. म्हणजे मरायलाही घरीच.

आणि वाटप? उधई एकमेकींना तोंडाने भरवतात, गुदद्वारातूनही. किळस आली तरी हे समजून घ्यायला हवं. कॉप्टोटर्मिससारख्या जातींच्या आतड्यात लाकूड पचवणारे एकपेशीय जीव असतात. कात टाकताना आतड्याचं अस्तरही जातं आणि त्याबरोबर ते जीवही. मग शेजारणीकडून ते पुन्हा घ्यावेच लागतात, नाहीतर पोटात लाकूड असून उपासमार. अशा घरात कुणी एकीने खाल्लेलं एकीपुरतं राहत नाही. १९९५ साली हेक्झाफ्लुम्युरॉनचं आमिष अमेरिकेच्या बाजारात आलं. लाखो उधयांची वसाहत संपवायला लागणारं औषध दोनेक ग्रॅमच्या आत भरलं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या स्मारकाला लागलेली वाळवीही अशीच घालवली.

मग अर्ध्या सत्यात उरलेलं अर्धं कुठे गेलं? ते मामांच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उभं आहे, चांगलं कमरेएवढं.

आपल्याकडची वारुळं बांधणारी उधई म्हणजे ओडोन्टोटर्मिस. ती लाकूड पचवत नाही, शेती करते. चघळलेलं लाकूड विष्ठेच्या रूपात रचून त्याचं स्पंजासारखं पोळं करते, त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवते, आणि बुरशीने मऊ केलेलं ते पोळं खाते. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या सात्या, म्हणजे अळंब्या, आपण चढ्या भावाने घेतो, त्या याच शेतातलं बाहेर आलेलं पीक. आता आमिषाचा प्रवास बघा. कामकऱ्याने खाल्लेलं औषध आधी पोळ्यात जाणार, तिथे काही आठवडे मुरणार, मग इतरांच्या पोटात. त्याहून मोठी अडचण अशी की या उधईचा मोठा झालेला कामकरी पुन्हा कात टाकतच नाही! तो आमिष खातो आणि खातच राहतो, म्हातारा होऊन मरेपर्यंत. मरतात ती वाढीला लागलेली पिल्लं, खाली, आपल्याला न दिसणारी. म्हणजे आमिष लागू पडत नाही असं नव्हे, पण पत्रकातले ९० दिवस हे दुसऱ्या जातीचे, दुसऱ्या देशातले दिवस आहेत. कॉप्टोटर्मिस भारतातही आहे आणि तीही घरात शिरते. म्हणून पैसे मोजण्याआधी आपल्या घरात कोण आहे ते बघणं आलं.

ते फार कठीण नाही. नळी फोडल्यावर धावून येणारा मोठ्या डोक्याचा सैनिक कागदावर घ्यायचा, भिंगाखाली काडीने हलकेच डिवचायचा. कपाळातून दुधासारखा थेंब आला तर कॉप्टोटर्मिस. थेंब नाही आणि डाव्या जबड्याला ठळक दात दिसला तर ओडोन्टोटर्मिस. नावातच दात आहे, ग्रीकमध्ये ओडोन्टोस म्हणजे दाताचा. आमच्या भिंगाखाली दात निघाला.

मामी मात्र धुऱ्यावरचं वारूळ उकरायला तयार नव्हत्या. नागपंचमीला त्या तिथे दूध-लाह्या ठेवतात. नागाने वारूळ कधी बांधलेलं नाही. त्याला हातही नाहीत आणि मातीत लाळ कालवून बांधकाम करणारे कामकरीही नाहीत. तो तयार घरात राहायला येणारा भाडेकरू, तेही भाडं न देणारा. दूधही तो पीत नाही, लाह्या मुंग्या नेतात. पण मामींच्या भीतीत एक व्यवहार आहे: जुन्या वारुळात खरोखरच नाग असू शकतो, तेव्हा हात घालू नये. तसंही घराला लागलेली उधई त्याच वारुळातली असेल असं नाही. पूजेपेक्षा मला राग आहे तो प्लगात लावून 'ध्वनिलहरींनी वाळवी पळवणाऱ्या' डब्यांचा. मामींच्या लाह्यांनी निदान मुंग्यांचं पोट भरतं.

दुसऱ्या दिवशी बैल सजायच्या आत मामा आणि मी टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि खडू घेऊन घर फिरलो. न्हाणीची ओली भिंत, सपरीचे खांब जिथे जमिनीत जातात तो भाग, कवेलूंखालचे बांबू, मीटरच्या फळीची मागची बाजू. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. भरीव लाकूड टणक बोलतं, खाल्लेलं पुठ्ठ्यासारखं. जिथे नळी दिसली तिथे मधोमध बोटभर फोडून शेजारी खडूने तारीख लिहिली. तीन दिवसांनी मामांनी फोन करून सांगितलं, सातपैकी तीन नळ्या बुजल्या. त्याच चालू, बाकीच्या जुन्या, सोडलेल्या. मागच्या वर्षी त्या फवारणीवाल्याने एवढं जरी केलं असतं!

खरी मेजवानी मात्र घराबाहेर होती. गोठ्याच्या भिंतीला टेकून पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांची, गंजी, खाली मोडक्या बंडीचं चाक, बाजूला गोवऱ्यांचा ढीग. उधईला गोवरीही चालते, तीही शेवटी पचता पचता राहिलेला कडबाच. एवढं ताट वाढलेलं असताना ती आपल्या आमिषाकडे कशाला बघेल? आधी ते सगळं भिंतीपासून दूर, दगडांवर उचललं. ती मांडणी बदलायला मामांना दोन दिवस लागले आणि माझ्यावर बराच राग आला.

मग सावरीच्या फूट-फूट लांबीच्या चौदा खुंट्या घर आणि गोठ्याभोवती ठोकल्या. सावर उधईला फार आवडते. विष नाही, नुसतं आमंत्रण. दसऱ्याला उपटून पाहिल्या तर पाच खुंट्यांना मातीचा लेप आणि खाली कुरतडलेलं. फक्त त्या पाच जागी, परवाना असलेल्या माणसाकडून आमिषाच्या नळकांड्या पुरल्या. डब्यावरचा केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक मामांनी स्वतः वाचून घेतला. विहिरीच्या बाजूला एकही नाही. माणसाच्या अंगात कायटिन नाही, पण पाण्यातल्या झिंग्या-खेकड्यांच्या अंगात आहे. आणि नळकांड्यांच्या आसपास रॉकेल, जळकं ऑइल, कुठलीही फवारणी नाही, ही अट. जेवायला बोलावून दारात मिरच्यांची धुरी करायची नसते.

संक्रांतीला मामांचा फोन आला. चौकटीवर नवी नळी नाही, पण तीन नळकांड्यांत उधई आहेच. "तीन महिने होऊन गेले न बे. मरून नाही रायल्या. खाऊनच रायल्या."

"खाऊ द्या मामा," म्हटलं. "त्या म्हाताऱ्या आहेत."