कोंबडीला घाम येत नाही

एप्रिलमध्ये पुण्याची दुपार चाळिशीकडे सरकली की मांजरी, धायरी, वाघोलीकडे घरामागे पाळलेल्या गावरान कोंबड्या एकसारख्या दिसू लागतात. पंख अंगापासून सुटे, चोच उघडी, गळा सारखा हलतोय. पाळणारा म्हणतो, "तहान लागली असेल." तहान असतेच, पण त्या वेळी ती कोंबडी श्वासावाटे अंगातली उष्णता बाहेर टाकत असते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, त्यामुळे तिच्याकडे मोठा असा दुसरा मार्गच नाही.

तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते. हवा २५ अंशांवर असते तेव्हा तुरा, चोचीखालच्या लाल झालरी आणि उघडे पाय यांतून उष्णता सहज निघून जाते. हवाच ४० अंशांवर गेली की तापमानातला फरक जवळजवळ संपतो आणि ती वाट बंद होते. मग उरते बाष्पीभवन. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते सुमारे २,४०० ज्यूल उष्णता सोबत नेते. माठातले पाणी याच हिशेबाने गार होते. कोंबडी मिनिटाला दीडशेच्या वर श्वास घेत घसा आणि श्वासनलिकेतली ओल उडवत राहते. तेही पुरले नाही आणि शरीर ४६-४७ अंशांपर्यंत तापले, की ती दगावते.

या धापांची किंमत अंड्याला मोजावी लागते. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त निघून जातो आणि रक्त अल्कधर्मी होते. अंड्याचे कवच म्हणजे बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट. त्यातला कार्बोनेट शरीर याच कार्बन डायऑक्साइडपासून बनवते. म्हणून उन्हाळ्यात हाताच्या दाबानेही तडकणारी अंडी मिळतात. त्यात भूक मंदावल्याने पोटात कॅल्शियमही कमी जाते, आणि एका कवचाला ते दोन ग्रॅमच्या आसपास लागते. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात १९८० च्या दशकात संशोधकांनी उष्णतेतल्या कोंबड्यांना चक्क सोडा वॉटर पाजून पाहिले आणि कवच सुधारले. आपण बाटल्या विकत आणाव्यात असे मी म्हणणार नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवला आणि दाणे पहाटे व सूर्य कलल्यावर टाकले तरी बराच फरक पडतो. खाल्लेले पचवतानाही शरीरात उष्णता तयार होते आणि ती चढायला काही तास लागतात. सकाळी दहाला भरपेट खाल्लेली कोंबडी ऐन दुपारी आतूनही तापते आणि बाहेरूनही.

आता पाणी. कोरड्या दुपारी, जेव्हा पुण्यातली आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांच्याही खाली असते, तेव्हा खुराड्याच्या बाजूंना ओले गोणपाट लावणे हा उत्तम उपाय आहे. पत्र्यावर चुन्याचा हात आणि वर पाचट हेही चांगलेच. पण वळीव यायच्या आधीचा तास आठवा. वारा पडलेला, ढग दाटलेले, आपला शर्ट पाठीला चिकटलेला. हवेतच बाष्प भरलेले असल्याने कोंबडीच्या घशातली ओल उडेनाशी होते. त्या तासाला घाबरून बादलीने पाणी मारणारे मी पाहिले आहेत. त्याने खुराड्यातली दमट हवा आणखी दमट होते. तेव्हा हवा पाणी शिंपडून सुधारत नाही, हलवून सुधारते. खुराड्याची झडप उघडा, टेबलफॅन लावा. वजनदार कोंबड्यांचा जीव याच वेळी जास्त धोक्यात असतो.

मग वळीव कोसळतो, गारवा येतो आणि आपण निवांत चहा टाकतो. कोंबड्या मात्र अंधारून आल्याने चार वाजताच दांडीवर चढलेल्या असतात. त्यांच्या झोपेचे घड्याळ उजेडावर चालते. गडगडाटाने पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणून डालग्याचा कोपरा पुठ्ठा वाकवून गोल करावा. पिल्लांच्या मऊ लवेला पावसाचे पाणी अडवता येत नाही. भिजलेले पिल्लू आधी कोरडे करून उबेला ठेवायचे, दाणे नंतर.

खरी घाई असते ती तळाशी पसरलेल्या तुसाची. रक्ती हगवण ज्या आयमेरिया नावाच्या परजीवीमुळे होते, त्याची बीजे विष्ठेतून पडतात तेव्हा लगेच संसर्ग करू शकत नाहीत. ओल, ऊब आणि ऑक्सिजन मिळाला की साधारण एक-दोन दिवसांत ती पिकतात आणि मग चोचीवाटे पोटात गेली की आतडे पोखरतात. वळवानंतरच्या पुण्यात तिन्ही गोष्टी फुकट मिळतात. फिनेल ओतून काही साधत नाही, कारण त्या बीजांचे कवच नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाही. ओले तूस दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत काढून कोरडे घालावे.

त्याच ओलीत जिवाणू विष्ठेतल्या युरिक आम्लाचा अमोनिया करतात. आपल्या नाकाला झोंबेपर्यंत बहुधा तो दहा लाखांत वीस-पंचवीस भागांच्या घरात गेलेला असतो. कोंबडीची श्वासनलिका साफ ठेवणारे बारीक केस तो निकामी करतो. वर शेजारची मंडळी तक्रार घेऊन येतात ती वेगळीच. दाण्याच्या पोत्याला ओल लागून मका बुरसटला असेल तर तो टाकूनच द्यावा. बुरशीने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन हे विष उन्हात वाळवून जात नाही आणि ते थेट यकृतावर घाव घालते. साचलेल्या पाण्यात डास वाढले की कोंबड्यांना देवी येतात, त्यावर लस आहे. राणीखेत म्हणजे मानमोडी, तिच्यावरही आहे. कोंबड्या चारच आहेत म्हणून लस टाळणे मला पटत नाही. विषाणू कळपाचा आकार बघून येत नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळापत्रक पक्के करून घ्यावे.

राहता राहिले चिखलाने माखलेले अंडे. नळाखाली धुण्याचा मोह होतो, पण कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांवर कोंबडीने दिलेला पातळ लेप असतो. पाण्याने तो निघून जातो. पाणी अंड्यापेक्षा गार असेल तर आतला भाग आकसतो आणि बाहेरचे जंतू आत ओढले जातात. कोरड्या फडक्याने माती पुसावी आणि ते अंडे त्याच दिवशी नीट शिजवून संपवावे.