तिकिटावरचा मार्ग बदलायचाय? गाडीत चढण्याआधी विचारा

मुंबईहून जळगावला रेल्वेने दोन वाटांनी जाता येतं: कल्याण-मनमाडवरून, किंवा सुरत-नंदुरबारवरून लांबचा वळसा घेऊन. पुण्याहून मडगावलाही तसंच, मिरज-लोंढ्यावरून किंवा पनवेलहून कोकण रेल्वेने. लोकांना वाटतं, गाव तेच आहे ना, मग तिकीट चालेल. चालत नाही. अनारक्षित तिकिटावर ‘व्हाया’पुढे जो मार्ग छापलेला असतो, तिकीट त्याच मार्गाचं असतं. खिडकीवर नुसतं गावाचं नाव सांगितलं की बहुधा जवळच्या मार्गाचं तिकीट हातात पडतं. म्हणून गावासोबत ‘व्हाया’ही सांगा आणि खिडकी सोडण्याआधी तिकीट वाचा. मासिक पासालाही हेच लागू.

मार्ग बदलायचाच असेल, तर भाड्यातला फरक भरून बदलता येतो. सगळी गोम आहे ती वेळेत. स्वतःहून आधी सांगितलंत तर फक्त फरक. तपासणीत सापडलात तर फरक अधिक दंड. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १३८ प्रमाणे हा दंड देय भाड्याइतका किंवा २५० रुपये, यांतली जी रक्कम मोठी असेल तेवढा असतो. साध्या मेल-एक्सप्रेसचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट घेऊन सुपरफास्टमध्ये बसलेल्यांचं असंच होतं. अधिभार अवघा १५ रुपये, आणि पावती फाटते २६५ ची.

आता तो कागद, जो जवळपास कुणाकडेच नसतो. गाडी सुटायला आली आहे, खिडकीवर रांग आहे, फरक भरायला वेळ नाही. अशा वेळी गार्ड किंवा अधिकार असलेल्या रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी घेऊन चढता येतं. पैसे पुढे भरायच्या अटीवर परवानगी दिल्याचा दाखला कलम ५५ खाली मिळतो, आणि तो हातात असेल तर दंड लागत नाही, फक्त भाडं द्यावं लागतं. प्रत्यक्षात काय होतं? कुणीतरी म्हणतं, “बसा, पुढे बघू.” माणूस विश्वासाने बसतो. दोन स्टेशनांनंतर दुसरा टीसी येतो आणि विचारतो, “परवानगी कुठाय?” तोंडी परवानगी दाखवणार कशी? खिडकी म्हणते टीसीला भेटा, टीसी म्हणतो खिडकीवरून का नाही आणलंत! कायद्याने दिलेली सोय प्रवाशाला सांगायला कुणीच पुढे येत नाही, हे चीड आणणारं आहे. तुम्ही मात्र दाखला स्पष्ट शब्दांत मागा. गाडीत फरक भरलात तर जादा भाड्याची पावती घ्या, तिच्यावरची स्टेशनं आणि रक्कम तिथेच वाचा, आणि मूळ तिकिटासोबत बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा. पावतीशिवाय पैसे देऊ नका, कितीही घाई असली तरी.

आरक्षित तिकिटाचं गणित वेगळं. ते त्याच गाडीचं, त्याच तारखेचं. दुसऱ्या मार्गाच्या गाडीत ते घेऊन चढलात तर विनातिकीट धरतात, म्हणून रद्द करून नवं काढणं हाच रस्ता. चढायचं स्टेशन ठरलेल्या मुदतीत बदलता येतं. पण एकदा बदललं की मूळ स्टेशनावरून चढायचा हक्क जातो आणि न केलेल्या अंतराचे पैसेही परत मिळत नाहीत. प्रवास पुढे वाढवायचा असेल तर आपलं स्टेशन येण्याआधी टीसीला गाठा. स्टेशन मागे पडल्यावर सांगितलेलं कारण कुणी ऐकत नाही.

रेल्वेनेच गाडी दुसऱ्या मार्गाने वळवली तर जादा भाडं तुम्ही द्यायचं नाही. त्या कारणाने प्रवासच केला नाही, तर ई-तिकिटावर परताव्यासाठी टीडीआर, म्हणजे परतावा मागणारा ऑनलाइन अर्ज, भरावा लागतो, त्याची मुदत ७२ तास. इथे फार जण चुकतात. हे तास तुमच्या चढायच्या स्टेशनावरून गाडी सुटायच्या ठरलेल्या वेळेपासून मोजतात, गाडी वळवल्याचं तुम्हाला कळलं तेव्हापासून नाही. खालच्या वर्गात बसवलं असेल तर टीसीचा दाखला गाडीतच घ्या. परताव्यासाठी त्याची मूळ प्रत टपालाने पाठवावी लागते, फोटो चालत नाही.

आणखी एक, एकट्या प्रवास करणाऱ्या बायकांसाठी. पैसे कमी पडले म्हणून रात्री मधल्याच स्टेशनावर उतरवण्याची भीती कुणी घातली, तर कलम १३९ सांगा. सोबत पुरुष प्रवासी नसलेल्या स्त्रीला किंवा मुलाला फक्त दिवसाच उतरवता येतं, आणि तेही प्रवास सुरू केलेल्या स्टेशनावर, जंक्शनवर, शेवटच्या स्टेशनावर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी.