विनोदाच्या पंधरा सेकंद आधी

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी जन्मलेली मुलंही आज त्यातले संवाद अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या आधी म्हणून मोकळी होतात. चॅनेल बदलता बदलता तो मधूनच कुठेतरी लागलेला दिसला की रिमोट खाली ठेवला जातो. सत्तर रुपयांचा विषय अजून निघालेलाही नसतो आणि घरात हसू फुटलेलं असतं.

आता यात एक अडचण आहे. मन एका दिशेला निघालेलं असतं, विनोद त्याला अचानक तोंडघशी पाडतो आणि आपण हसतो, अशी उपपत्ती जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कान्टने १७९० मध्येच मांडली होती. ती खरी मानली, तर पाठ झालेला विनोद दुसऱ्याच खेपेला मरायला हवा. पण विसाव्या खेपेलाही तो हसवतो, आणि तेसुद्धा आपली जागा येण्याआधीच. हसू जणू अलीकडे सरकलेलं असतं.

मेंदूत असं सरकणं मोजलं गेलं आहे. कॅरोलीन ली, मरियम अली आणि ख्रिस्तोफर बाल्डासानो यांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ या चित्रपटातला ९० सेकंदांचा तुकडा लोकांनी मेंदूतली हालचाल टिपणाऱ्या एफएमआरआय यंत्रात पडून सहा वेळा पाहिला होता. पहिल्या वेळी अमुक प्रसंगाला मेंदूतल्या हालचालीची जी नक्षी उमटली, तीच नक्षी पुढच्या खेपांना तो प्रसंग पडद्यावर येण्याआधी दिसू लागली. काही भागांत तर तब्बल १५ सेकंद आधी. डोक्याच्या मागच्या बाजूचे, डोळ्यांकडून आलेली माहिती हाताळणारे भाग जेमतेम पुढे गेले होते; कपाळाकडचे, गोष्टीचा अर्थ लावणारे भाग सगळ्यात लांब पोचले होते. म्हणजे तोच चित्रपट पुन्हा पाहताना डोळे आत्ताच्या प्रसंगात असतात आणि डोक्याचा पुढचा भाग पुढच्या प्रसंगात. कान्टला दुसऱ्या खेपेचा प्रेक्षक बहुधा भेटलाच नव्हता.

पण पुढचं कळण्यात सुख कसलं? इथे संगीतावरचा एक प्रयोग उपयोगी पडतो. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सलीमपूर आणि रॉबर्ट झटोर यांनी लोकांना स्वतःच्या आवडीचं, ऐकताना अंगावर शहारा येतो असं संगीत आणायला सांगितलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसलं की डोपामिन, म्हणजे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन, दोन टप्प्यांत वाढतं: शहारा येण्याच्या क्षणी एका भागात, आणि त्याच्या काही सेकंद आधी, ती जागा आता येणार अशी चाहूल लागते तेव्हा दुसऱ्या भागात. ज्याने ती चीज कधी ऐकलेलीच नाही, त्याला हा आधीचा टप्पा कुठून मिळणार? हा प्रयोग चित्रपटावर झालेला नाही, त्यामुळे तो बनवाबनवीला जसाच्या तसा लावणं हा माझा अंदाज समजावा. पण समेवर येण्याआधीच मान डोलायला लागणाऱ्या श्रोत्याला तो पटेल.

उलट बाजूचं कोडं याहून गमतीचं आहे. शेवट ठाऊक असूनही आपल्याला धास्ती वाटते. बनवाबनवीत साड्या नेसून बायका बनलेले दोघे इतक्यात पकडले जाणार नाहीत हे पक्कं माहीत असतं, तरी घरमालकीण जिना चढू लागली की पोटात गोळा येतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग यांनी १९८९ मध्ये यावर प्रयोग केले. जॉर्ज वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष झाले हे अमेरिकेत शाळकरी मुलालाही माहीत असतं. पण निवड होते की नाही अशी घालमेल उभी करणारा मजकूर वाचल्यावर, ‘ते राष्ट्राध्यक्ष झाले’ हे विधान खरं म्हणायला लोकांना जास्त वेळ लागला. गेरिग यांचं म्हणणं असं, की आयुष्यात कुठलीच घटना हुबेहूब पुन्हा घडत नाही, म्हणून गोष्टीत रमलेलं मन ‘हे आधी झालंय का’ असं तपासत बसत नाही. मला ही त्या काळातली सर्वांत शहाणी उपपत्ती वाटते. माहिती एका कप्प्यात राहते, काळजी दुसऱ्या.

दमलेल्या संध्याकाळी जुनाच सिनेमा का लावावासा वाटतो, याचं उत्तर मात्र अजून कच्चं आहे. मानसशास्त्रज्ञ जे डेरिक यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की मनाला आवर घालून घालून थकलेली माणसं ओळखीच्या काल्पनिक जगाकडे वळतात आणि तिथून ताजीतवानी होऊन येतात. ऐकायला छानच. पण संयम म्हणजे वापरून संपणारा साठा, या ज्या कल्पनेवर ते उभं आहे, तिलाच पुढे तडे गेले: २०१६ मध्ये वीसहून अधिक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या फेरतपासणीत तो परिणाम जवळजवळ शून्य निघाला. ओळखीच्या पात्रांची सोबत वाटते एवढं मान्य करावं. त्या सोबतीने ‘बॅटरी चार्ज होते’ वगैरे छापून आलं तर जरा दमानं घ्यावं.

लहान मुलांच्या बाबतीत पुरावा जास्त ठाम आहे. ‘ब्लूज क्लूज’ ही अमेरिकी मालिका एकच भाग आठवड्यात पाच दिवस दाखवायची, आणि संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर हेच करून पाहिलं. मुलांची समज वाढत गेली. शिवाय दर दिवशी ती पडद्याशी जास्त बोलू लागली, उत्तरं ओरडून सांगू लागली. तोच सिनेमा पुन्हा लावणाऱ्या नातवावर वैतागणाऱ्या आजी-आजोबांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मग कंटाळा कधी येतो? नुसत्या ओळखीने आवड वाढते हे रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं. रॉबर्ट बॉर्नस्टीन यांनी १९८९ मध्ये अशा दोनशेहून अधिक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा दिसलं की मध्ये वेळ गेला तर आवड टिकते आणि सलग मारा झाला की उतरते. शिकागो विद्यापीठातले एड ओब्रायन यांच्या २०१९ मधल्या कामात आणखी एक गोष्ट आढळली: दुसऱ्यांदा पाहताना किती कंटाळा येईल याचा अंदाज लोक जास्तच धरतात, प्रत्यक्षात सुटलेले बारकावे सापडतात आणि मजा अपेक्षेपेक्षा जास्त येते. बनवाबनवीत एकदा पुढच्या चौघांना सोडून फक्त मागे उभ्या असलेल्यांचे चेहरे बघा.

दूरदर्शनच्या काळात हे मधलं अंतर वाहिनी ठरवायची, आता ते आपल्या हातात आहे. त्यात रील्स आल्या. दहा सेकंदांच्या रीलमध्ये विनोदाची ओळ तेवढी उरते. ज्या आधीच्या सेकंदांत डोकं पुढे धावतं, नेमके तेच कापलेले असतात. म्हणूनही असेल, पण चार-पाच रील्स पाहून झाल्या की बरेच जण अखेर अख्खा चित्रपटच लावून बसतात.