वॉलपेपरची नोंद बदलणं आणि वॉलपेपर बदलणं

शॉर्टकट दाबला की फोल्डरमधलं दुसरं चित्र डेस्कटॉपवर यावं, एवढ्यासाठी आपण स्क्रिप्ट लिहितो. ती एकही एरर न देता संपते आणि पडद्यावर चित्र मात्र जुनंच. किंवा उलट होतं: चित्र लगेच बदलतं, पण पुन्हा लॉगिन केलं की आधीचं परत येतं. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. सेटिंगमध्ये चित्राची नोंद करणं हे एक काम आणि ते चित्र पडद्यावर उमटवणं हे दुसरं. स्क्रिप्टने त्यातलं एकच केलेलं असतं.

विंडोजमध्ये हा फरक अगदी उघड दिसतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, चालू युजरच्या विभागात 'कंट्रोल पॅनेल'खाली 'डेस्कटॉप' नावाची की (फोल्डरसारखा कप्पा) असते आणि तिच्यात 'वॉलपेपर' या नावापुढे फाइलचा पाथ असतो. तो पाथ स्क्रिप्टने बदलता येतो, पण डेस्कटॉप काही त्या नोंदीवर नजर ठेवून नसतो. त्याला कळवायचं काम 'सिस्टमपॅरामीटर्सइन्फो' या फंक्शनचं. पॉवरशेलमधून (विंडोजमध्ये आज्ञा आणि स्क्रिप्ट चालवायचं साधन) ते बोलावताना पहिला आकडा 20 द्यायचा, म्हणजे 'वॉलपेपर लाव'. दुसरा 0, तिसऱ्या जागी फाइलचा पूर्ण पाथ. अर्धवट पाथ देऊ नका. खरी मेख शेवटच्या आकड्यात आहे. तिथे 0 दिला तर चित्र बदलतं पण नोंद होत नाही. 1 मुळे नोंद होते, 2 मुळे बदलाची खबर बाकीच्या प्रोग्रॅमना जाते. दोन्ही हवं म्हणून 3.

रजिस्ट्री बदलून वर 'रनडीएलएल32' या विंडोजमधल्या प्रोग्रॅमची एक ओळ चालवायची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती कधी चालते, कधी नाही. बटण दाबताक्षणी चित्र हवं असेल तर तिच्या भरवशावर अजिबात राहू नका.

लिनक्सवर एक्स11 (पडद्यावर चित्र दाखवणारी जुनी यंत्रणा) आणि साधा विंडो मॅनेजर (फक्त खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम) असेल तर 'फेह' हा चित्र दाखवणारा छोटा प्रोग्रॅम वापरतात. तो चित्र फक्त उमटवतो. दिलेली आज्ञा मात्र होम फोल्डरमध्ये '.फेहबीजी' या छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवतो. लॉगिन होताना ती चालवायची सोय आपण करायची.

ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपमध्ये 'जीसेटिंग्ज' या सेटिंग बदलायच्या आज्ञेने नोंद बदलली की ग्नोमचा शेल (डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्रॅम) स्वतःच चित्र बदलतो, त्यामुळे दोन्ही कामं एकच वाटू लागतात. पण 2022 मध्ये आलेल्या ग्नोम 42 पासून नोंदीही दोन झाल्या: 'पिक्चर-यूआरआय' आणि 'पिक्चर-यूआरआय-डार्क'. डार्क मोड चालू असताना फक्त पहिली बदलली तर नोंद बरोबर होते, पडद्यावर काहीच हलत नाही. मला तर दोन्ही ओळी एकाखाली एक लिहिणंच बरं वाटतं.

स्क्रिप्ट अडली की आधी नोंद वाचून बघा: ग्नोममध्ये 'जीसेटिंग्ज गेट'ने, विंडोजमध्ये रजिस्ट्री उघडून. नोंद नवी आणि चित्र जुनं असेल तर उमटवण्याचं काम राहिलंय, किंवा ग्नोममध्ये दुसरी नोंद राहिलीय. चित्र नवं आणि नोंद जुनी असेल तर विंडोजमध्ये तो शेवटचा आकडा तपासा.