आधी चित्र, मागाहून खुलासा: बडोद्याच्या अनुभवातून

बडोद्यातील दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट उघडला, तर मुंजीची पत्रिका, गणपतीच्या आरतीची वेळ आणि निवडणुकीच्या धामधुमीतील एखादी चित्रफीत एकाखाली एक दिसते. चित्रफितीच्या माथ्यावर बाणांची जोडी असते. मूळ पाठवणाऱ्यापासून तो संदेश निदान पाच वेळा पुढे ढकलला गेला आहे, एवढेच ती जोडी सांगते. तो मूळ पाठवणारा कोण, हे सांगत नाही. हा प्रकार गेल्या दहा-पंधरा वर्षांतला मानला जातो. परंतु खुलासा पोहोचण्याआधी मत बनून जाण्याचा अनुभव या शहराला स्मार्टफोनच्या पुष्कळ आधीपासून आहे.

नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्यातील ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी (रेसिडेंट) कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष कालवल्याचा आरोप झाला आणि संशय थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. पुढच्या वर्षी चौकशी आयोगापुढे चाललेल्या साक्षींनी देशभरची वर्तमानपत्रे भरली. आयोगातील तीन इंग्रज सदस्यांनी महाराजांना दोषी ठरवले, तर ग्वाल्हेर व जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव राजवाडे या तीन भारतीय सदस्यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. तरीही सरकारने विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून गैरकारभाराच्या कारणाने मल्हाररावांना पदच्युत केले. देशी भाषांतील पत्रांनी यावर झोड उठवली. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांपुरता मुस्कटदाबीचा कायदा आणला, त्यामागे अशा टीकेचा सल होताच.

याहून बोलका प्रसंग सयाजीराव महाराजांच्या बाबतीत घडला. १२ डिसेंबर १९११ रोजी सम्राट पंचम जॉर्ज यांच्या दिल्ली दरबारात निजामानंतर मुजऱ्याची पाळी बडोद्याची होती. तीनदा लवून, सम्राटाकडे पाठ न करता मागे सरत जावे, असा शिरस्ता होता. महाराज साध्या पांढऱ्या पोशाखात पुढे आले, एकदाच लवले आणि वळून चालू लागले. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या वर्णनांत बारीकसारीक फरक आहेत आणि हेतूविषयीचा वाद तर अजून मिटलेला नाही. एरवी हे सारे दरबारी कुजबुजीतच विरले असते. पण तिथे चलचित्राचा कॅमेरा होता. ती फिल्म लंडनच्या चित्रपटगृहांत दाखवली गेली आणि राज्यकारभाराशी काही देणेघेणे नसलेला प्रेक्षक महाराजांच्या राजनिष्ठेवर निकाल देऊ लागला. महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना पत्र लिहून आपण गोंधळून गेलो होतो, अवमानाचा हेतू नव्हता, असे कळवले आणि ते पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापूनही आले. तोवर लोकांनी महाराजांची पाठ पाहिली होती. काही सेकंदांची मूक, संदर्भ तुटलेली चित्रफीत आणि तिच्यामागून धापा टाकत येणारे निवेदन, हा क्रम आजच्या वाचकाला ओळखीचा वाटेल.

मधली शंभर वर्षे छापील कागदाची आणि नंतर आकाशवाणी-दूरदर्शनची होती. बातमी उशिरा यायची, पण ती संपादकाच्या टेबलावरून यायची. ते टेबल निःपक्षपाती असे असे म्हणण्याचे धाडस करवत नाही. चुकले तर जाब कोणाला विचारायचा, हे मात्र ठाऊक असे.

पुढे संपादकाच्या टेबलाची जागा समाजमाध्यमे घेऊ लागली आणि २०१४ मध्ये बडोदा या बदलाच्या मधोमध आले. नरेंद्र मोदी येथून ५,७०,१२८ मतांच्या फरकाने निवडून आले. १६ मे रोजी त्यांनी विजयाची घोषणा ट्विटरवर केली आणि त्याच दिवशी बडोद्यात सभा घेतली. निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्येच उमेदवारांना समाजमाध्यमांवरील खाती शपथपत्रात नोंदवण्यास आणि तेथील जाहिरातींचा खर्च हिशेबात धरण्यास सांगितले होते. २०१४ च्याच सप्टेंबरात, ऐन नवरात्रात, समाजमाध्यमावरील एका आक्षेपार्ह चित्रावरून शहरात दंगल उसळली आणि प्रशासनाने मोबाइल इंटरनेट बंद केले. अफवा थांबावी म्हणून केलेल्या या उपायाने खरी माहितीही थांबली. ऑगस्ट २०१५ मध्ये आरक्षणासाठीच्या पाटीदार आंदोलनाच्या वेळी गुजरातभर हेच झाले, आणि कलम १४४ खाली दिलेला तो आदेश उच्च न्यायालयाने वैध ठरवला. पुढे २०१७ मध्ये इंटरनेट बंदीसाठी स्वतंत्र नियम आले, ते १८८५ च्या तार कायद्याखाली. तारसेवा २०१३ च्या जुलैतच बंद झाली होती. तिचा कायदा मात्र मोबाइल बंद करण्याच्या कामी आला.

कंपन्यांनाही उशिरा जाग आली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. देशात अशा घटना लागोपाठ घडल्यावर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. ही मर्यादा खऱ्याखोट्यात भेद करत नाही. अफवा खोडणारा खुलासा पाच हातांतून फिरला की त्याच्याही माथ्यावर बाणांची तीच जोडी उमटते, आणि पुढे तोही एका वेळी एकाच गटात जाऊ शकतो.